पंचवीसचे बावन्न का होतात?

संपादक महोदय,

कर्नाटकातल्या आपल्या मराठी शाळांच्या पालकसभेत पहिली-दुसरीच्या वर्गाबद्दल एक तक्रार हमखास निघते. एक ते शंभर घडाघडा म्हणणारे मूल 'पंचवीस लिही' म्हटले की ५२ लिहिते. 'एकोणतीस' म्हटले की ३९. घरचे म्हणतात शाळेत लक्ष देत नाहीत, शाळा म्हणते घरी सराव होत नाही. दोन्ही निदाने चुकीची आहेत. मूल ऐकल्याबरहुकूम लिहीत असते. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून पाच आधी कागदावर उतरतो. एकोणतीसमध्ये कानावर 'तीस' पडते, म्हणून तीन येतो. 'एकोण'वाल्या आकड्याच्या शेवटी नऊ असतो एवढे पाठ झालेले असते, म्हणून नऊ येतो.

आपली संख्यानामे सुंदर आहेत, पण सहा वर्षांच्या मुलाला जड आहेत. एकक आधी आणि दशक नंतर, ही पहिली अडचण. जर्मन भाषेतही तसेच आहे आणि तिथली मुलेही असेच उलटे लिहितात. मराठीत त्यावर आणखी भर पडते, कारण शब्दाचे तुकडे जागा बदलले की रूप बदलतात. सहाचेच पाहा: सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. दशकेही स्थिर नाहीत. पन्नासचे 'वन्न' किंवा 'पन्न' होते, साठचे 'सष्ट', सत्तरचे 'हत्तर', नव्वदचे 'ण्णव'. त्यात १९ पासून ८९ पर्यंतची आठ 'एकोण' मंडळी वजाबाकी करून बोलतात, आणि ९९ मात्र एकोणशंभर न होता नव्व्याण्णव होते. म्हणजे शंभरपर्यंतचे जवळजवळ प्रत्येक नाव वेगळे लक्षात ठेवावे लागते.

कन्नडमध्ये २५ म्हणजे इप्पत्तैदु: इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. ५२ म्हणजे ऐवत्तेरडु, पन्नास आणि दोन. ज्या क्रमाने बोलायचे त्याच क्रमाने लिहायचे. २९ म्हणजे इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. तिथे 'एकोण' नाही. एक ते वीस, पुढची सात दशके आणि शंभर अशी अठ्ठावीस नावे आली की बाकीची जोडून तयार होतात. कर्नाटकाच्या २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर आपल्या मुलांच्या वेळापत्रकात पहिलीपासून कन्नड आहेच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या बहुतेक मुलांच्या कानावर बसमध्ये आणि बाजारात हे आकडे पडतही असतात. तरी गणिताच्या तासाला त्यांचा उपयोग कोणी करत नाही. कन्नडच्या तासाला 'ओंदु, एरडु' वेगळे, गणिताच्या तासाला 'एक, दोन' वेगळे, आणि इंग्रजीचे 'वन, टू' तिसरीकडे. एकाच संख्येची ही तीन नावे आहेत हे मुलाला सांगायचे राहून जाते. आकड्यांच्या खुणांचा गोंधळ आणखी निराळा. देवनागरीतला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि दोन्ही लिपी एकाच आठवड्यात शिकवल्या तर कित्येक मुले त्यात अडकतात. एक लिपी पक्की झाल्यावर महिनाभराने दुसरी घ्यावी.

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने (सुरुवात ५ जुलै २०२१) पहिलीसाठी ९९ पर्यंत, दुसरीसाठी ९९९ पर्यंत आणि तिसरीसाठी ९९९९ पर्यंत संख्या वाचण्या-लिहिण्याचे लक्ष्य ठेवले आहे. लक्ष्य सर्व माध्यमांना सारखेच. पण कन्नड माध्यमातल्या मुलाला शंभरपर्यंत अठ्ठावीस नावे पुरतात, मराठी माध्यमातल्या मुलाला शंभराच्या आसपास. मराठी मूल मागे पडलेले दिसते त्याचे एक मोठे कारण इथे आहे, बुद्धीत नाही.

वर्गात काय करता येते ते नेमके सांगते. दोन मुलांमागे शंभर काड्या लागतात. खानापूरकडे बांबूच्या मिळतात, इतरत्र खराट्याचे हीर चालतात. बोटभर लांबीचे तुकडे करून टोके घासून घ्यावीत. सोबत दहा रबर. वीसपर्यंत मोजणे आणि लिहिणे पक्के होईपर्यंत पुढे जाऊच नये. मग दहा सुट्या काड्यांचा गठ्ठा मुलाने स्वतः बांधायचा. इथे नेहमीची चूक अशी होते, की वेळ वाचवण्यासाठी बाई घरून गठ्ठे बांधून आणतात. मग मुलाच्या लेखी गठ्ठा म्हणजे 'एक' वस्तू होते आणि दोन गठ्ठे, पाच सुट्या मोजून ते 'सात' म्हणते. शंका आली की मुलाने गठ्ठा सोडून मोजावा, पुन्हा बांधावा. पहिला आठवडा यातच जातो, आणि तो वाया गेलेला नसतो.

नंतर पाटीवर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे गठ्ठे, उजवीकडे सुट्या ठेवायच्या. बाईंनी मुलाच्या समोर बसू नये. समोरून त्यांना जे डावे दिसते ते मुलाचे उजवे असते, आणि बोट दाखवतानाच उलटापालट होते. शेजारी बसावे. बोलण्याचा क्रम असा: आधी 'दोन गठ्ठे, पाच सुट्या', मग 'वीस आणि पाच', मग 'इप्पत्तैदु', आणि ते लिहून झाल्यावर शेवटी 'पंचवीस'. मराठी नाव शेवटी येते कारण तेच सगळ्यात अवघड आहे. ते येते तेव्हा संख्या डोळ्यासमोर असते आणि नाव फक्त तिला चिकटवायचे असते. ज्या मुलाला घरी कन्नड ऐकू येत नाही त्याच्यासाठी 'वीस आणि पाच' पुरते.

दशकांचा क्रमही विचार करून लावावा. अंकलिपीत ओळीने आहेत म्हणून ओळीने शिकवायचे कारण नाही. विशी, तिशी आणि चाळिशीत दशकाचे नाव शाबूत राहते, ऐंशीतही राहते. ही चार घराणी आधी घ्यावीत. पन्नाशी, साठी, सत्तरी आणि नव्वदी नंतर. 'एकोण' मंडळी अगदी शेवटी, आणि काड्यांनीच: तीन गठ्ठे मांडायचे, 'तीस' म्हणायचे, एक गठ्ठा सोडून त्यातली एक काडी काढून घ्यायची. दोन गठ्ठे, नऊ सुट्या. 'एक ऊन तीस', म्हणजे तीसला एक कमी, हा अर्थ हातात आला की ३९ लिहिण्याची चूक झपाट्याने कमी होते. दिवसाला पंधरा मिनिटे धरली तर २१ ते ९९ ला दहा-बारा आठवडे लागतात. बहुवर्ग शाळेत, जिथे एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतात, तिथे त्याहून जास्त.

या पद्धतीत दोष नाही असे नाही. 'वीस आणि पाच' किंवा 'इप्पत्तैदु' ऐकून काही मुले २०५ लिहितात. त्यावर जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या उपयोगी पडतात. १० ते ९० च्या नऊ पट्ट्या १० सेंटिमीटर लांब, १ ते ९ च्या नऊ पट्ट्या ५ सेंटिमीटर लांब, सगळ्यांची रुंदी ५ सेंटिमीटर. २० च्या पट्टीवर ५ ची पट्टी उजवी कड जुळवून ठेवली की शून्य झाकले जाते आणि २५ दिसते. पाच उचलला की खालचे वीस पुन्हा दिसते. शून्य कुठे गेले, हे मुलाला सांगावे लागत नाही.

तपासण्याची रीतही बदलायला हवी. वही घरी नेऊन बरोबर-चूक करण्याने खरी चूक सापडत नाही. पुष्कळ मुले पंचवीस लिहिताना आधी उजवीकडे ५ काढतात आणि मग डावीकडे २ घालतात. उत्तर बरोबर दिसते. दुसरीत 'एकशे पंचवीस' आले की हेच मूल १५२ लिहिते किंवा मध्ये जागाच उरत नाही. म्हणून उत्तराइतकीच पेन्सिलही पाहावी. रोज पाच संख्यांचे श्रुतलेखन पुरेसे आहे, पण ओळीने नाही. २५ आणि ५२, ३६ आणि ६३, २९ आणि ३९ अशा जोड्या विखरून द्याव्यात. ओळीने म्हणणे ही चाल असते. मध्येच 'त्रेसष्ट' विचारले तर मुलाला एकसष्टपासून म्हणत यावे लागते, आणि तेव्हा कळते की पाठ आहे, पण ओळख नाही.

'मराठी शाळेत कानडी आकडे कशाला' असा आक्षेप येईल याची जाणीव आहे, आणि आपल्या भागात तो का येतो हेही ठाऊक आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले, तेव्हा वाद महाराष्ट्राच्या विधिमंडळापर्यंत गेला आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागले. आपल्याकडे ती पुस्तके नाहीत, पण अडचण तीच आहे. मराठी नावे टाकून द्या असे इथे कोणीच म्हणत नाही. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला सदुसष्ट आणि शहाऐंशी अडखळल्याशिवाय आलेच पाहिजेत, नाहीतर साडेसदतीस आणि पावणेसाठ ही बाजारातली भाषा त्याला परकी होईल. शेजारच्या भाषेचा आधार घेऊन आपली भाषा पक्की होत असेल तर त्यात कमीपणा कसला?

शिक्षण खात्याकडे मागणी मोठी नाही. बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांत मराठी माध्यमाच्या पहिलीसाठी ९९ चे लक्ष्य राहू द्यावे, पण क्लस्टरच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) तपासणीत त्याची तारीख वर्षाच्या मध्याऐवजी मार्चमध्ये धरावी, आणि मुलाला काड्या मांडून उत्तर देण्याची मुभा असावी. मराठी शाळांच्या शिक्षकांचे गणित प्रशिक्षण मराठीत व्हावे. कन्नडमधल्या प्रशिक्षणात ५२ आणि २५ ची ही अडचण निघतच नाही, कारण तिथे ती नसते. काड्या, रबर आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या शाळा विकास आणि देखरेख समितीला एका शनिवारी बसून करता येतील.

पालकांनी घरी शंभरपर्यंत म्हणून घेण्यापेक्षा शेंगा सोलताना दहा-दहाचे ढीग लावून घ्यावेत. दहाची नोट आणि रुपयाची नाणी दुसरीत द्यावीत, आधी नको; नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ढिगात दहा शेंगा दिसतात.

– एक प्राथमिक शिक्षिका, खानापूर तालुका