पोरांचा प्रोजेक्ट एकाच लॅपटॉपवर का चालतो?

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की तुमच्या पेपरात करिअरची पानं येतात, ती मी दरवर्षी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, कारण घरात आणि गल्लीत दोन-तीन पोरं तरी त्या वयाची असतातच आणि आईवडील मलाच विचारायला येतात की कॉम्प्युटरला घालू का. त्या पानांवर एआय असतं, डेटा सायन्स असतं, किती लाखाचं पॅकेज ते असतं. पण जे काम सॉफ्टवेअरवाला माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत करतो, म्हणजे चार जणांनी लिहिलेला कोड एकत्र आणायचा आणि तो रोज चालतोय का ते बघायचं, त्याबद्दल एक ओळ मी आजपर्यंत वाचली नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल, पण कॉलेजवाल्यांसाठी लिहिलेला भाग ठेवा एवढी विनंती.

यंदा माझ्या बहिणीचा पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. चौघांचा ग्रुप, एक तासगावचा, एक विट्याचा, एक मिरजेचा आणि हा. प्रोजेक्ट खरंच चांगला होता, द्राक्षबागेच्या फवारणीची नोंद ठेवणारं अ‍ॅप, कुठलं औषध कधी मारलं आणि माल काढायच्या किती दिवस आधी बंद करायचं, तासगावच्या पोराच्या वडिलांची बाग आहे त्यामुळं त्यांनी ते अगदी मनापासून केलेलं. सहा महिने चौघं आपापल्या लॅपटॉपवर काम करत राहिले आणि व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री एकाच्या रूमवर बसून सगळा कोड पेनड्राइव्हने एकत्र केला. पहाटे चारला भाच्याच्या लॅपटॉपवर चालला. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं लॅबच्या मशीनवर दाखवा, आणि तिथं नुसती एरर. लॅबमध्ये उबंटू होतं, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स. एका फाइलचं नाव एकानं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवून दिलं होतं आणि दुसऱ्यानं कोडमध्ये तीच फाइल सगळं स्मॉलमध्ये लिहून बोलावली होती. विंडोजला ती दोन्ही नावं एकच वाटतात, लिनक्सला त्या दोन वेगळ्या फायली. एवढंच होतं बघा, एका अक्षराचा प्रश्न, पण व्हायव्हाच्या दहा मिनिटांत ते कुणाच्या लक्षात येणार? एक्स्टर्नल सर पुढच्या ग्रुपकडं गेले. सोनेरी अक्षरातली काळी बाइंडिंगची वही टेबलावर तशीच राहिली आणि तासगावचा पोरगा बाहेर पायरीवर बसून रडला, मी स्वतः बघितलंय.

याला पोरांचा आळस म्हणू नका, ती सहा महिने राबली होती. त्यांना एक गोष्ट कुणी शिकवलीच नव्हती, तिला आम्ही सीआय म्हणतो, कंटिन्युअस इंटिग्रेशन. सोपं करून सांगायचं तर चौघांनी आपापला कोड रोजच्या रोज एका जागी टाकायचा आणि टाकला रे टाकला की एका तिसऱ्याच मशीननं तो कोरा उचलायचा, पहिल्यापासून बिल्ड करायचा म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्राम बनवायचा, सगळ्या टेस्ट, म्हणजे कोड बरोबर वागतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, चालवायच्या आणि पास की फेल ते सगळ्यांना कळवायचं. ते मशीन तुमचंही नाही आणि माझंही नाही म्हणून त्याला 'माझ्याकडं तर चालतंय' हे वाक्य ऐकू येत नाही. भाच्याच्या ग्रुपनं हे लिनक्सच्या मशीनवर लावलं असतं तर ती कॅपिटल अक्षराची चूक ऑगस्टमध्येच ज्या दिवशी झाली त्याच दिवशी लाल खूण घेऊन समोर आली असती आणि पाच मिनिटांत मिटली असती.

सांगलीकरांना हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं की आपण सगळे रात्र रात्र कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पातळीचे मेसेज बघत असतो, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटमधली माणसं तो आकडा बघून जनावरं आणि सामान हलवतात. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं ते कुणीच विसरलेलं नाही. दर तासाला पातळी बघायची असते, घरात पाणी शिरल्यावर एकदा नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. मग कोड मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री का बघायचा?

मी दुसऱ्याच्या पोरांबद्दलच बोलतोय असं नको, माझ्यावर काय गुदरलं तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका भाजीपाल्याच्या अडत्याला मी बिलिंगचं सॉफ्टवेअर करून दिलं. मार्केट पहाटे साडेतीन-चारला सुरू होतं, त्यामुळं पहिली बिलं त्याच वेळी फाडली जातात. एक एप्रिलला पावणेसहाला त्यांचा फोन आला, आवाज चढलेला, म्हणाले आजच्या बिलांवर ३१ मार्च तारीख पडतीय आणि बिल नंबर पण जुन्याच वर्षाचे पुढं चाललेत. मी तसाच गाडी काढून गेलो. झालं असं होतं की नवीन सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, त्यामुळं रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंतच्या प्रत्येक बिलावर आदल्या दिवसाची तारीख पडायची. इतर दिवशी हमाल, शेतकरी, व्यापारी कुणाच्या ते नजरेत आलं नाही, पण एक एप्रिलला आर्थिक वर्षच बदललेलं आणि दोन वर्षांचा हिशोब एकमेकांत गेला. साठ-सत्तर बिलं हातानं दुरुस्त केली, त्यांच्या सीएकडं जाऊन माफी मागितली, त्या महिन्याचं बिल घेतलं नाही. आणि सगळ्यात लागणारी गोष्ट अशी की पहाटेच्या बिलाची तारीख बरोबर येते का याची टेस्ट मी लिहिलेली होती! ती माझ्या लॅपटॉपवर दरवेळी पास व्हायची कारण माझ्या लॅपटॉपचं घड्याळ भारतातलं. तीच टेस्ट यूटीसीवरच्या दुसऱ्या मशीनवर एकदा जरी चालली असती तरी फेल होऊन ओरडली असती.

त्याच आठवड्यात मी घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर जेनकिन्स नावाचं सीआयचं सॉफ्टवेअर बसवलं, घड्याळ मुद्दाम यूटीसीवरच ठेवलं, आणि तो डबा पुढं कितीतरी वर्षं कोपऱ्यात यूपीएसला जोडून चालला. लाईट गेली की यूपीएस टीं टीं करायचा आणि बायको ओरडायची, तरी मी बंद केला नाही.

या जेनकिन्सची गोष्ट पोरांना सांगण्यासारखी आहे. कोहसुके कावागुची नावाचा जपानी इंजिनिअर सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत होता, त्याच्या कोडमुळं बिल्ड फेल व्हायचा आणि टीमची बोलणी बसायची, म्हणून २००४ मध्ये त्यानं स्वतःसाठी एक टूल सुरू केलं, म्हणजे चूक दुसऱ्यानं धरायच्या आधी आपल्याला कळावी. नाव ठेवलं हडसन. त्यात बिल्ड पास झाला की हिरव्याऐवजी निळा गोळा दिसायचा, कारण जपानमध्ये सिग्नलच्या हिरव्या दिव्याला निळा म्हणतात. मला सुरुवातीला कळायचंच नाही की निळं म्हणजे चांगलं का वाईट, आणि बाकीच्यांनाही तसंच व्हायचं बहुतेक, कारण तो गोळा हिरवा करायला लोकांनी वेगळं प्लगइनच, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रामच, लिहिलं होतं. पुढं सन कंपनी ओरॅकलनं घेतली, हडसन हे नाव कुणाचं यावरून वाद झाला, आणि २०११ च्या जानेवारीत त्या टूलवर काम करणाऱ्या लोकांनी मतदान घेतलं. नाव बदलून जेनकिन्स करायच्या बाजूनं २१४ मतं, विरोधात १४. कोड तोच, माणसं तीच, नाव नवीन. आज त्याची १८०० च्या वर प्लगइन आहेत आणि ती जगभरच्या लोकांनी लिहिलेली आहेत, कावागुची स्वतः २०२० मध्ये त्यातून बाजूला झाला तरी काम थांबलेलं नाही. सोसायटी आणि दूध डेअरीच्या मीटिंगा बघत मोठं झालेल्या आपल्या पोरांना यातलं काय परकं वाटणार आहे सांगा?

याच्या उलट झालेलंही बघितलंय. ट्रॅव्हिस सीआय नावाची सेवा २०११ ला बर्लिनमध्ये सुरू झाली, ओपन सोर्सवाल्यांना, म्हणजे आपला कोड सगळ्यांना उघडा ठेवणाऱ्यांना, एकदम फुकट, आम्ही सगळ्यांनी डोळे झाकून वापरली. २०१९ ला ती दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली, २०२० च्या शेवटी फुकटचे नियम बदलले, आणि २०२१ च्या जूनमध्ये ओपन सोर्ससाठीची ती जुनी साइट बंदच केली. मला दोन-तीन प्रोजेक्ट हलवायला सगळी सुट्टी गेली. फुकट वापरणाऱ्यांनी तिची मशीनं क्रिप्टो मायनिंगसाठी, म्हणजे आभासी नाणी कमवायला, राबवली हेही त्यामागचं एक मोठं कारण होतं, म्हणजे फक्त घ्यायचं आणि द्यायचं काही नाही असं झालं की शेवटी सगळ्यांचंच बंद होतं. आता कोड ठेवायच्या गिटहब या साइटची सीआय सेवा, गिटहब अ‍ॅक्शन्स आहे, २०१९ पासून, कोड सगळ्यांना उघडा ठेवला तर फुकट आणि खाजगी ठेवला तर फ्री अकाउंटला महिन्याला २००० मिनिटं मिळतात, चार पोरांच्या प्रोजेक्टला पुरून उरतील एवढी. पैशाचा प्रश्नच नाही.

मग अडतंय कुठं? मी एका कॉलेजमध्ये सरांना हे बोललो, ते म्हणाले पोरांना अजून जावा भाषा नीट येत नाही तिथं सीआय कुठं शिकवता. ते सर मनापासून शिकवतात आणि त्यांची अडचण मला कळते, साठ पोरं, चार बॅच, त्यात परीक्षेची कामं. पण मला वाटतं जावा नीट येत नाही म्हणूनच सीआय पायजे. दर पुशला, म्हणजे दर वेळी कोड टाकल्यावर, मशीननं सांगितलं की इथं चुकलंय तर पोरगं त्या दिवशी शिकतं, सर त्याच्यापर्यंत पोचायला आठवडा जातो. आणि लागतं किती, तर वीस-पंचवीस ओळींची एक वायएएमएल फाइल, म्हणजे मशीननं काय काय करायचं त्याची यादी. रविवारी माझ्याकडं पाच-सहा पोरं येतात, त्यातल्या एका मुलीची ती फाइल अर्धा तास चालेना, ओळ न् ओळ बरोबर दिसत होती, शेवटी कळलं की एका ठिकाणी स्पेसऐवजी टॅब दाबलेला होता आणि वायएएमएलला त्या जागी टॅब चालत नाही. ती टिक हिरवी झाल्यावर तिचा चेहरा बघायला पायजे होता तुम्ही. नंतर तिनं स्वतःहून एका टूलच्या डॉक्युमेंटेशनमधली चुकलेली कमांड दुरुस्त करून पाठवली, तिकडच्या मेंटेनरनं, म्हणजे ते टूल सांभाळणाऱ्यानं, दोन बदल सांगितले, तिनं केले आणि ते मर्ज झालं, म्हणजे मूळ पानात घेतलं गेलं. कवठे महांकाळच्या मुलीची दुरुस्ती आज जगात कुणीही ते पान उघडलं की दिसते. तिच्या वडिलांना मी हे समजावून सांगितलं तर त्यांनी विचारलं, याचे पैसे किती मिळाले? मी म्हणलं पैसे नाहीत, पण उद्या मुलाखतीला बसल्यावर तिच्याकडं दाखवायला खरं काम आहे, आणि गूगल समर ऑफ कोडसारख्या कार्यक्रमात शिकता शिकता मानधनही मिळतं, जेनकिन्सही त्यात असतं.

एक सावधगिरी पण सांगायला पायजे, नाहीतर पोरं उत्साहात घर उघडं टाकतील. सीआयच्या मशीनकडं तुमचे पासवर्ड आणि चाव्या असतात. २०२५ च्या मार्चमध्ये गिटहबवर सीआयसाठी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या एका लोकप्रिय अ‍ॅक्शनमध्ये कुणीतरी घुसून कोड बदलला, २३,००० च्या वर रिपोंमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यांमध्ये, ती वापरात होती, आणि चाव्या लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या कामाच्या नोंदीत, छापल्या जायला लागल्या, उघड्या रिपोंचे लॉग तर कुणीही वाचू शकतं. म्हणून दुसऱ्याची अ‍ॅक्शन घेताना नुसतं व्हर्जनचं नाव न लिहिता त्या कमिटचा, म्हणजे कोडमधल्या त्या नेमक्या बदलाचा, पूर्ण हॅश, म्हणजे त्याचा लांबलचक ओळख क्रमांक, लिहायचा, नाव मागून दुसरीकडं वळवता येतं, हॅश नाही. हे पहिल्याच दिवशी शिकवावं.

माझं कॉलेजांना एवढंच म्हणणं आहे की दुसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टपासून रिपो पहिल्या दिवशी उघडा, सीआय त्याच दिवशी लावा, आणि रिव्ह्यूला पीपीटी बघण्याऐवजी त्या महिन्याभरातल्या हिरव्या-लाल खुणा बघा. लाल खुणा असल्या म्हणून मार्क कापू नका, उलट लाल नंतर हिरवी कशी झाली ते विचारा, त्यात चौघांपैकी कुणी काम केलं आणि कुणाचं नाव नुसतं वहीवर आहे तेही आपोआप दिसतं. पुण्या-बेंगलोरला नोकरी करणारी आपली शेकडो पोरं गणपती-दिवाळीला गावाकडं येतात, त्यांनी आपल्या जुन्या कॉलेजात दोन तास दिले तरी हे सुरू होईल. आणि संपादक साहेब, तुमच्या करिअरच्या पानावर यंदा अर्धा कॉलम याला द्या, लिहायला माणूस मिळाला नाही तर मी लिहून देतो.

तो जुना डेस्कटॉप अजून चालू स्थितीत आहे, यूपीएसची बॅटरी मागच्या महिन्यातच बदललीय. जिल्ह्यातल्या ज्या कॉलेजला किंवा ज्युनिअर कॉलेजला हवा असेल त्यांना तो जेनकिन्ससकट देतो, स्वतः येऊन बसवून देतो आणि पहिले चार रविवार पोरांबरोबर बसतो. माझा पत्ता तुमच्या ऑफिसकडं दिलेला आहे.

आपला नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली