खारपाणपट्ट्यातील मुले आणि मिठाचा खडा

मा. संपादक,

आमच्या पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात कितीतरी विहिरींचे पाणी तोंडात घेताच खारट लागते. तरीही इथली नववी-दहावीची मुले आयनिक बंध नुसता घोकतात : सोडिअमने इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीनने घेतला, झाला ‘मिठाचा रेणू’. पण मिठाच्या खड्यात असा सुटा रेणू नसतोच! प्रत्येक धन प्रभाराच्या सोडिअम आयनाभोवती (आयन म्हणजे प्रभार असलेला अणू) ६ ऋण प्रभाराचे क्लोराइड आयन, प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडिअम, अशी ती चहूबाजूंनी पसरलेली सलग रचना असते. हे सगळे आकर्षण तोडावे लागते, म्हणून तर मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. खड्यावर हातोडी मारली की थर सरकतो, सारखे प्रभार समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो.

शिक्षकांना कळकळीची विनंती : ९ व्होल्टची बॅटरी, रोधक (रेझिस्टर) जोडलेला छोटा एलईडी आणि पेन्सिलीतली दोन शिसे वर्गात न्या. ही शिसे तारांनी बॅटरी-एलईडीला जोडून कोरड्या मिठात खोचली तर दिवा लागत नाही, कारण आयन जागीच जखडलेले असतात. मीठ पाण्यात विरघळले की ते मोकळे होतात आणि दिवा लागतो. मग गावच्या विहिरीचे पाणीही तपासून दाखवा. त्यासाठी प्रयोगशाळेची खोली लागत नाही.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. दर्यापूर, जि. अमरावती