दोन भाषांनी बाळ गोंधळत नाही

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दीड-दोन वर्षांचे मूल अजून नीट बोलत नाही असे कुणाच्या कानावर घातले, की इंदूरच्या मराठी घरांना हल्ली हमखास एक सल्ला मिळतो : घरात एकच भाषा ठेवा, दोन भाषांनी मूल गोंधळते. ती एक भाषा अर्थातच हिंदी, कारण प्ले स्कूल, शेजारपाजार, कामवाली बाई आणि टीव्ही यांची भाषा तीच असते. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण तान्ह्या मुलांवर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे संशोधन झाले आहे, त्यात या समजुतीला आधार मिळत नाही.

बाळाचे ऐकणे पोटात असतानाच सुरू होते आणि आईच्या बोलण्याची लय व चढउतार त्याच्या ओळखीचे होतात. कॅनडातील व्हँकूव्हर येथे जॅनेट वर्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, गरोदरपणात इंग्रजी आणि टागालोग (फिलिपिन्समधील एक भाषा) या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मातांची नवजात बाळे तपासली होती. ज्या बाळांच्या माता फक्त इंग्रजी बोलत, ती इंग्रजी ऐकताना चोखणी अधिक जोराने चोखत, म्हणजे तिच्यात त्यांना अधिक रस वाटे. दोन भाषांच्या घरातील बाळांना मात्र दोन्ही भाषा सारख्याच आवडल्या. त्यांना दोन्हींतला फरकच कळत नसेल, अशी शंका येणे साहजिक आहे. म्हणून एक भाषा ऐकवून ती बाळे कंटाळल्यावर दुसरी सुरू केली गेली, तेव्हा त्यांचे चोखणे पुन्हा वाढले. जन्मून जेमतेम काही दिवस झालेल्या बाळांना फरक कळत होता.

इंग्रजी आणि टागालोग यांची लयच वेगळी आहे. मराठी आणि हिंदी तर सख्ख्या बहिणी, त्या तान्ह्या मुलाला वेगळ्या कशा कळणार, असे कोणी म्हणेल. त्यांनी बार्सिलोनाकडे पाहावे. तिथे कातालान आणि स्पॅनिश या एकमेकींना अतिशय जवळच्या दोन भाषा घरोघर नांदतात, आणि लॉरा बॉश व नुरिया सेबास्टियन-गालेस या संशोधिकांना असे आढळले, की दोन्ही भाषा कानावर पडणारी बाळे चौथ्या महिन्यातच त्या वेगळ्या ओळखतात.

उलट, पहिल्या वर्षात जे ऐकू येत नाही ते कान सोडून देतो. 1984 साली वर्कर आणि टीस यांनी दाखवून दिले, की इंग्रजी घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ऐकू येतो. वर्षाची होईपर्यंत तीच क्षमता जवळजवळ नाहीशी होते. मराठीतला ‘ळ’, किंवा ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले दोन निराळे ‘च’, प्रमाण हिंदीत नाहीत. इंदुरात ते बाळाच्या कानावर पडायचे तर आपल्याच तोंडून. (माळवीत ‘ळ’ आहे, पण शहरात लेकरांशी माळवी बोलणारे तरी किती उरले?)

मग मूल मागे आहे असे का वाटते? पुष्कळदा मोजण्याची पद्धतच चुकलेली असते. जे मूल घरात ‘मांजर’, ‘भात’, ‘चेंडू’ म्हणते, त्याचे फक्त हिंदी शब्द मोजले तर यादी तोकडीच भरणार. अमेरिकेतील मायामी येथे स्पॅनिश आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले, तेव्हा त्यांचा संग्रह एकभाषी मुलांइतकाच निघाला. ‘मुझे दूध पाहिजे’ हे वाक्यही गोंधळाचे लक्षण नव्हे. जो शब्द त्या क्षणी हाताशी असतो तो मूल वापरते. माँट्रियलमधील दोन वर्षांची मुलेसुद्धा आईशी आईची आणि वडिलांशी वडिलांची भाषा अधिक बोलताना आढळली आहेत. मात्र हाक मारल्यावर मूल वळून पाहत नसेल, किंवा दोन वर्षे उलटूनही कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, तर त्याची श्रवणतपासणी लगेच करावी. एक भाषा काढून घेणे हा त्यावर उपचार नाही.

खरी काळजी वेगळीच आहे, ती म्हणजे मराठी पुरेशी कानावर पडत नाही. बेल्जियममध्ये ॲनिक डी हाउवर यांनी सुमारे एकोणीसशे कुटुंबांची पाहणी केली. ज्या घरांत डचखेरीज दुसरी भाषा होती, तिथली जवळपास एक चतुर्थांश मुले ती दुसरी भाषा बोलत नव्हती. आईने एक आणि वडिलांनी दुसरी भाषा बोलण्याचा बहुचर्चित नियमही खात्रीचा ठरला नाही. घरात दोघेही ती भाषा बोलत, तिथे ती सर्वाधिक टिकली. ज्या घरात सून किंवा जावई हिंदीभाषक आहे, तिथे त्यांनीही बाळाशी मोडकीतोडकी का होईना मराठी बोलावी, असे मला यावरून वाटते. आणि हे काम मोबाइलवरच्या बालगीतांवर सोपवू नये. पॅट्रिशिया कुल यांच्या 2003 च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळे समोर बसलेल्या माणसाकडून चिनी भाषेचे ध्वनी शिकली, पडद्यावर तेच पाहून मात्र काहीच शिकली नाहीत.

शहरातील बालरोगतज्ज्ञांना माझी विनंती आहे, की लसीकरणासाठी आलेल्या आईवडिलांना घरी कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात हे आधी विचारावे आणि मुलाचे शब्द त्या सगळ्या भाषांत मिळून मोजावेत. आपल्या मराठी मंडळांनी याविषयी एक पानाचे सोपे पत्रक मराठीत आणि हिंदीतही छापले, तर ते दवाखान्यांत आणि प्ले स्कूलमध्ये लावणे मुळीच अवघड नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर