चंद्रावरचा ससा, त्यांचाही

महोदय,

2025 च्या कोजागरीला मी लेकीकडे सिंगापूरला होते. त्याच रात्री, 6 ऑक्टोबरला, चिनी लोकांचा चंद्रोत्सव होता. त्यांच्या आठव्या महिन्याची ही पौर्णिमा एरवी बहुधा आपल्या भाद्रपदात येते. त्या वर्षी त्यांचा अधिक महिना आल्याने पुढे सरकली.

इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सगळे कंदील करायला जमले होते. तारेचा सांगाडा, वर रंगीत जिलेटीन. डोंबिवलीत जन्मभर कामट्या नि खळ घेऊन आकाशकंदील केलेली मी, पण सशाचा कान काही केल्या नीट बसेना. जिलेटीन दोनदा फाटलं. शेजारच्या चिनी आजी खुदकन हसल्या आणि तिसऱ्यांदा त्यांनीच चिकटवून दिलं. चंद्रावर ससा त्यांनाही दिसतो, फक्त त्यांचा खलबत्त्यात औषध कुटत बसलेला असतो! आपण चंद्राला शशांक का म्हणतो, ते खुणांनी सांगायला गेले, जमलं नाही.

मूनकेक मात्र मला झेपला नाही. कमळबियांच्या गोड सारणात बदकाच्या अंड्याचा खारवलेला बलक! मग वर जाऊन मसाला दूध आटवलं, पेलाभर आजींना नेऊन दिलं. जायफळाचा वास त्या बराच वेळ घेत राहिल्या.

– एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली