मावशींना आधी विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

पटकथेचा शेवटचा खर्डा मंजूर झाला आणि पहिले पत्र तुम्हालाच लिहावेसे वाटले. ते उघडपणे लिहितो आहे, कारण तुम्ही जे केलेत ते आमच्या व्यवसायातील इतरांनीही वाचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

संगीतबारीतली, म्हणजे लावणीनृत्याच्या कार्यक्रमातली, नर्तकी आणि तिच्यामागे बसणारा ढोलकीवाला, एवढ्यावर उभे असलेले आमचे नाटक पडद्यावर नेण्यासाठी तुमच्याआधी ज्यांना भेटलो, त्यांनी विनोदी मित्र घाला, लावणी एकच ठेवा, असे सल्ले दिले. आयुष्यभर बारीत नाचलेल्या आणि आमची नृत्ये बसवणाऱ्या मावशी त्याच खोलीत असताना त्यांच्याकडे कोणी मान वळवूनही पाहिले नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र वाचन संपताच स्वतःची खुर्ची मावशींसमोर ओढलीत आणि विचारलेत, ‘मावशी, प्रेमात पडायच्या आधी ही दोघं नाचताना काय करतात?’ मावशी म्हणाल्या, ‘भांडत्यात. त्यो लय चढवतो, ही मुद्दाम मागं रेंगाळती.’

आमचा चित्रपट त्या उत्तरातून निघाला. नाट्यगृहात नर्तकी आणि ढोलकी एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे ते भांडण प्रेक्षकाला आपोआप कळते. पडद्यावर कॅमेरा जवळ गेला की एकतर तिचे पाय दिसतात नाहीतर त्याची बोटे, म्हणून कोणी कोणाला डिवचले हे दृश्यांच्या जोडणीतूनच सांगावे लागते आणि हसूही तिथेच पिकते, हे तुम्ही संकलकाच्या नजरेने आम्हाला दाखवलेत. ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक बाझ लुहरमन यांच्या ‘स्ट्रिक्टली बॉलरूम’ या बॉलरूम नृत्यस्पर्धांवरच्या चित्रपटाचा दाखलाही तुम्हीच दिलात: सिडनीत १९८४ मध्ये नाट्यविद्यार्थ्यांनी उभे केलेले छोटेसे नाटक १९९२ मध्ये चित्रपट होऊन आले, तेव्हा त्यातले प्रेम नियमाबाहेरच्या पदन्यासांवरून पेटलेल्या वादातच फुलले.

चित्रपटातले जाणकार पुष्कळ भेटतात. समोरच्या माणसाजवळही काही ज्ञान असेल, असे धरून चालणारे फार थोडे. श्रेयनामावलीत नृत्यदिग्दर्शनाबरोबरच पटकथा साहाय्यासाठीही मावशींचे नाव यावे, हा आग्रह तुम्ही धरलात आणि तो मान्य होईपर्यंत सोडला नाहीत. त्याबद्दल आमच्या सगळ्या संचाकडून, आणि मावशींकडून विशेष करून, तुमचे मनःपूर्वक आभार.

आपला,
नाटकाचा लेखक