क्रेमोनातले काका, तुमचं ते बिल मी जपून ठेवलंय

प्रिय काका,

तुमच्या गावात तुम्हाला 'मायेस्त्रो' म्हणत असतील, पण आमच्या मिरजेत लाकडाच्या भुशात बसून वाद्यं घडवणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला काकाच म्हणतात. तेव्हा चालवून घ्या. पत्र मराठीत आहे, कारण मला येणारे इटालियन शब्द (ग्रात्सिए, कॅफे, बिनारिओ) त्या दुपारी तुमच्याच दुकानात संपले.

मिलानमधला कार्यक्रम उरकला होता आणि पुढच्याला दोन दिवस होते. व्हायोलिन वाजवणारं माणूस तासा-सव्वा तासावरच्या, व्हायोलिन घडवणाऱ्यांच्या क्रेमोनाला न जाता परत येईल कसं? फेब्रुवारीचं धुकं इतकं दाट, की 112 मीटरचा तुमचा तो तोराझ्झो मनोरा मला कमरेपर्यंतच दिसला. रोमा चौकातल्या बागेत व्हायोलिनकर्त्या स्ट्रादिवारीच्या थडग्याच्या दगडाची प्रतिकृती पाहिली. 1737 मध्ये त्याला पुरलं ते सान दोमेनिको चर्च 1869 मध्ये पाडून टाकलं म्हणे. आमच्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात अजून आहे आणि उरुसात तिथं दरवर्षी गाणं होतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर कॉलर ताठ झाली. मग संग्रहालयात काचेआडचं त्याचं 1715 चं व्हायोलिन, 'क्रेमोनेझे', पाहिलं आणि ती आपोआप खाली आली.

बाहेर बाकावर बसून सहज पेटी उघडली. तारा पेलणारी घोडी आडवी पडलेली. चारही तारा लोळागोळा. वाद्य उचललं तर पोटात काहीतरी खुळखुळलं. हॉटेलच्या हीटरनं रात्रभर हवा सुकवली, खुंट्या सुटल्या, तारांचा दाब गेला आणि आतली काडी पडली. चूक माझीच. रात्री पेटीत ओलावा ठेवायचा असतो हे मी शिष्यांना सांगते.

तुमच्या गावात शंभरावर कारागीर, पण वेळ पावणेएकची. जिथं जावं तिथं दार बंद, जेवायची सुट्टी. तुम्हीही कुलपात किल्ली घातली होती. मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी व्हायोलिन तुमच्या कानाशी नेऊन हलवलं. तुम्ही 'आनिमा' म्हणालात, सुस्कारा सोडलात आणि किल्ली उलटी फिरवलीत.

त्या काडीला आम्ही साउंड पोस्टच म्हणत आलो. वरच्या आणि खालच्या फळीत नुसत्या दाबावर उभी असते, सरसाचा थेंब नाही. तुमच्याकडे तिला आत्मा म्हणतात हे तेव्हा कळलं. मग मी तुमच्या कागदावर तंबोऱ्याची घोडी काढून दाखवली. तारेखाली आम्ही दोरा सरकवतो, तो जागेवर आला की जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, खुलते. त्या दोऱ्याला आमच्यात जीव म्हणतात. तुम्ही कागदाकडे बघत राहिलात. मग घरी फोन केलात. शब्द कळले नाहीत, पण जेवण झाकून ठेवायला सांगत होतात एवढं कुठल्याही भाषेत कळतं.

जुनी काडी आखूड निघाली. तुम्ही स्प्रूसच्या लाकडाची नवी कापलीत, इंग्रजी एसच्या आकाराच्या सळईवर टोचून वाद्याच्या छिद्रातून आत उभी केलीत. मी तारा लावल्या, सा-प-सा-प, तुमच्या सवयीपेक्षा बऱ्याच उतरलेल्या. तुमच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, झालं. आजवर ज्यांच्याकडे वाद्य नेलं त्यातल्या बऱ्याच जणांनी 'आधी नीट सुरात लावा, मग बघू' असंच सांगितलंय, आणि त्यांच्या सुरात छान बोलणारं व्हायोलिन माझ्या सुरात मुकं होऊन घरी आलंय.

तुम्ही मात्र हातानं खूण केलीत, वाजव. मी भुश्यातच मांडी घातली, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवलं आणि दुपारची वेळ म्हणून वृंदावनी सारंग धरला. तुम्हीही खाली बसलात. या वयात, त्या गुडघ्यांनी. दोनदा थांबवून काडी केसभर सरकवलीत. दोन्ही वेळा ऐकून मान हलवलीत, नाही म्हणून. तिसऱ्यांदा मंद्र षड्ज, खालचा सा, असा उघडला की मीच थबकले. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त पेन्सिलीनं घोडीच्या पायाशी बारीक खूण केलीत.

त्याबद्दल हे पत्र. काडी उभी करणारे पुष्कळ भेटतील. माझा सा ऐकून त्याला धरून काडी बसवणारे तुम्ही पहिलेच.

पैसे घेणार नाही असलं काही तुम्ही म्हणाला नाहीत, तेही बरं झालं. चाळीस युरोंची रीतसर पावती फाडलीत. वर लिहिलंय, 'आनिमा, नग 1'. मिरजेला आल्यावर सतारमेकर गल्लीत आमच्या तंबोरेवाल्या चाचांना ती दाखवली. अर्थ सांगितला तर म्हणाले, "जिवाचं बिल देतात व्हय तिकडं? आपण उगाच फुकट घालतोय."

पाकिटात दोऱ्याचा एक तुकडा ठेवलाय, चाचांनीच तोडून दिलेला. तुमच्या वाद्यांना त्याचा उपयोग नाही. घोडीवर तो कुठं बसतो ते चित्र तुमच्याकडे आहेच.

तुमची,
मिरजेची व्हायोलिनवाली