‘क्षितिज’ उलटे करून पाहा, मग पहिला पर्याय भरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हातात पडले की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो : इंजिनीअरिंगला कॉम्प्युटर शाखा मिळेल का? ‘कॉम्प्युटरच का’ हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलेच तर ‘लहानपणापासून आवड’ नाहीतर ‘पॅकेज’ यांपैकी एक उत्तर येते. पॅकेजसाठी शिकण्यात गैर काही नाही. पण दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्सचे (संगणकात माहिती रचून ठेवण्याच्या पद्धतींचे) प्रॅक्टिकल रात्री अकरापर्यंत अडून बसते, तेव्हा पॅकेजच्या आठवणीवर कोणी टिकत नाही.

प्रवेश अर्जात कॉलेज आणि शाखा पसंतीक्रमाने भरतात; त्यातल्या पहिल्या पर्यायाला आता वजनही आले आहे. 2025 च्या कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घेणे सक्तीचे होते. दुसऱ्या फेरीत ही सक्ती पहिल्या तीन पर्यायांना होती, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. जागा नाकारली की पुढच्या फेऱ्या बंद. तेव्हा ‘आधी टाकून ठेवू, मग बघू’ हा जुना सल्ला विसरलेला बरा.

आवड आहे की नाही, हे फॉर्म लॉक करण्याआधी आठ-दहा संध्याकाळींत तपासता येते. क्लासची गरज नाही. मोबाइलवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालवणारे फुकट अॅप पुरते. पायथनला ‘क्षितिज’ या शब्दाची लांबी विचारा. आपल्याला तीन अक्षरे दिसतात, उत्तर येते 7. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, तो शब्द क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, पुन्हा वेलांटी आणि ज असा साठवलेला असतो. आता तोच शब्द उलटा छापायला सांगा. ‘जतिक्षि’ हवे असते, पडद्यावर येते ‘जितिष्क’. वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसतात.

खरी परीक्षा इथून पुढे. पहिला उपाय बहुतेकांना सुचतो : मात्रा, वेलांटी, हलन्त ही चिन्हे मागच्या व्यंजनाला चिकटवायची आणि मग तुकडे उलटे लावायचे. तसे केले की ‘जतिषिक्’ मिळते. जवळ आलो, पण क्ष फुटला. मग दुसरा नियम : मागचा तुकडा हलन्ताने संपत असेल तर पुढचे व्यंजनही त्यालाच जोडायचे. आता ‘जतिक्षि’ बरोबर येते. एवढ्यात खूश होऊन थांबू नका, ‘दऱ्या’ हा शब्द द्या. त्यातला ‘ऱ’ काही कीबोर्ड एकाच चिन्हाने साठवतात, काही ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) असा. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे, पण संगणक म्हणतो हे दोन वेगळे शब्द. मराठी नावे शोधताना ‘नोंद आढळली नाही’ असा निरोप येतो, त्यामागे पुष्कळदा असलेच कारण असते.

नंतर आडनावांची यादी अकारविल्हे लावा : काळे, कावळे, काशीकर. संगणक नेमका हाच क्रम देईल, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे. शाळेच्या वर्णमालेत ळ ह नंतर येतो, म्हणून काळे शेवटी जायला हवेत. क्षीरसागरांचे काय करायचे, हा आणखी एक वाद; काही कोश क्ष ला क मध्येच धरतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधी हे ठरवावे लागते, आणि या कामाचा निम्मा भाग असा ठरवण्याचाच असतो.

तिसरा प्रयोग आकाराचा. एक लाख नावांच्या यादीत दुबार नावे शोधायची आहेत. प्रत्येक नाव उरलेल्या प्रत्येकाशी ताडले तर सुमारे 500 कोटी तुलना होतात. चहा पिऊन परत आलात तरी मोबाइल तापतच असेल. यादी आधी क्रमाने लावली तर 17 लाखांच्या आसपास तुलनांत काम उरकते, मग फक्त शेजारशेजारची नावे पाहायची. हा फरक का पडतो, याचा कागदावर हिशेब मांडावासा वाटला तर हा विषय तुमचा आहे. ‘चालतंय ना, मग पुरे’ असे वाटले तरी बिघडत नाही. प्रोग्रॅमिंग येऊन इलेक्ट्रिकल किंवा सिव्हिल करणाऱ्यालाही कामे भरपूर आहेत.

पालकांना एक सांगणे. पहिल्या वर्षी बहुतेक कॉलेजांत गणित, भौतिकशास्त्र, ग्राफिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल असेच विषय असतात, संगणक थोडाच. ‘कॉम्प्युटरला घातलं आणि हे काय शिकवतात’ म्हणून पहिल्याच सत्रात मन उडालेली मुले दरवर्षी दिसतात. पुढे डिस्क्रीट मॅथ्स, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क येतात, आणि त्यांतही गणित सुटत नाही.

परदेशी अर्ज करणाऱ्यांनाही हेच उपयोगी पडेल. ब्रिटनच्या विद्यापीठांसाठीच्या यूकॅस या सामायिक अर्जात 2026 च्या प्रवेशापासून एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत. पहिलाच प्रश्न, हा विषय का शिकायचा आहे? तिन्ही मिळून 4,000 कॅरॅक्टर्स, मोकळ्या जागा धरून. ‘संगणकाने जग बदलले आहे’ यात त्यातली वीसेक उडतात आणि तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. ‘जितिष्क’ कसे दुरुस्त केले, हे तेवढ्या जागेत नीट सांगता येते.

आणि लॅपटॉपची घाई नको. वरचे सगळे मोबाइलवर होते. प्रवेश पक्का झाल्यावर 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेले साधे यंत्र पहिल्या दोन वर्षांना पुरते. गेमिंगचे महागडे ग्राफिक्स कार्ड अभ्यासासाठी तूर्त लागत नाही.

आपले,
संगणकशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे